वर्ग, घर आणि एमसीए: तिसऱ्या सत्रात किती विषय घेऊ?

श्रेढी | रविवार, रात्री ११.४८

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण फॉर्म भरायला आठच दिवस उरलेत.

मी सोलापुरात एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. बीएस्सी, बीएड, नोकरीला चौदा वर्षं झाली. गेल्या जुलैत एका मुक्त विद्यापीठात एमसीएला, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला. दोन वर्षांची चार सत्रं, त्यातली दोन झाली. डिसेंबरात डेटा स्ट्रक्चर्सचा (संगणकात माहिती कशी मांडून ठेवायची, तो विषय) पेपर राहिला, जूनच्या परीक्षेचा निकाल यायचा आहे.

शाळा दुपारची, बारा ते साडेपाच. पहाटे पाच ते साडेसहा अभ्यास करायचा असं ठरवलं होतं. पण पाण्याची पाळी पहाटेची आली की तो दिवस गेला. आपल्याकडे पाणी रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतात, कंटेनर भरायचा असला की घरी यायला रात्रीचे दहा. नोव्हेंबरात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या काठी न घेता चालतात, पण ते तीन महिने कसे गेले ते माझं मला माहीत. यंदा दहावीच्या दोन तुकड्या माझ्याकडे आहेत, एकीत ६३ आणि दुसरीत ५८ मुलं. शिवाय वर्गाची ऑनलाइन माहिती भरायचं कामही माझ्याकडेच, कारण 'मॅडम कॉम्प्युटरचं शिकतायत'.

हे सगळं मी रेटलं असतं. पण मागच्या आठवड्यात मुलगी (सहावीत आहे) शेजारच्या ताईकडून अपूर्णांकांचा भागाकार शिकून आली. मला म्हणाली, "तू लॅपटॉपवर होतीस, म्हणून तिलाच विचारलं." तक्रार नव्हती, सहज सांगितलं तिनं. मला मात्र रात्रभर झोप नाही. गावच्या मुलांना गणित शिकवणारी बाई मी, आणि माझी मुलगी उंबरा ओलांडून दुसरीकडे विचारायला गेली.

तिसऱ्या सत्राचे सगळे विषय घ्यावेत, थोडे घ्यावेत, की दहावीच्या वर्षी थांबावंच? ज्यांनी नोकरी आणि घर सांभाळून शिक्षण केलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा.

कडकभाकरी | रविवार, रात्री ११.५९

६३ अधिक ५८ म्हणजे १२१, अकराचा वर्ग. शुभ संख्या आहे ताई, फॉर्म भरा! सविस्तर उद्या लिहिते, भाकरीचं पीठ संपलंय आणि गिरणी सकाळी लवकर गाठायचीय.

हुतात्मा एक्स्प्रेस | सोमवार, सकाळी ७.१०

गाडीतून लिहितोय, कुर्डुवाडी यायचंय. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर सोलापुरात, शनिवार-रविवार घरी.

आधी एक तांत्रिक गोष्ट. बऱ्याच मुक्त विद्यापीठांत सत्राची नोंदणी वेगळी आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो. नोंदणी सगळ्या विषयांची करून परीक्षा दोनच विषयांची देता येते, उरलेले विषय पुढच्या खेपेला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करायला त्याहून जास्त मुदतही देतात. तुमच्या माहितीपुस्तिकेत 'कमाल कालावधी' शोधा. तो आकडा हातात आला की 'भरू की सोडू' हा प्रश्नच बदलतो.

दुसरं, डेटा स्ट्रक्चर्स का राहिलं? नुसतं वाचत होतात की लिहून बघत होतात?

लसावि | सोमवार, सकाळी ९.३५

ताई, मी निवृत्त मुख्याध्यापक. गणितच शिकवलं, छत्तीस वर्षं. माझं मत कदाचित आवडणार नाही, तरी सांगतो.

दहावीच्या दोन तुकड्या हातात असताना दुसरं ओझं घेऊ नये. ती १२१ मुलं पुन्हा दहावीत बसणार नाहीत, तुमचं एमसीए मात्र पुढच्या वर्षीही तिथंच असेल. आणि गणित शिकवायला एमसीए लागतं कुठं? कापरेकरांचं उदाहरण घ्या. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, नावापुढे पदव्युत्तर पदवी नव्हती. कागद-पेन्सिल घेऊन त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत शोधली आणि आज जगभरचे गणिती त्या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात. शिक्षकाचा खरा अभ्यास त्याच्या विषयात आणि त्याच्या वर्गात.

मुलीचं वाचून मात्र मलाही कसंसंच झालं. माझी मुलं लहान असताना मी संध्याकाळी शिकवण्या घेत होतो. माझ्या मुलांचा अभ्यास कुणी घेतला ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मंगळवेढ्याची ज्वारी | सोमवार, दुपारी १.२०

@लसावि काका, मान राखून सांगते, मला हे पटलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. गणिताच्या शिक्षकाला आज तंत्रज्ञान नको असं म्हणून कसं चालेल? आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. त्यांना २०२० सालचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज कुठल्याही खेड्यातलं पोर घरच्या मोबाइलवरून धड्याचा व्हिडिओ उघडतं.

त्रिज्या | सोमवार, दुपारी २.०५

ज्वारीताई, डिसले गुरुजींचा मलाही अभिमान आहे. पण ते उदाहरण दरवेळी पुढे आलं की माझ्यासारखीवर दडपण येतं. माझ्याकडे सातवी ते दहावी, बार्शी तालुक्यातली शाळा, आणि तेव्हा घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते.

मी एमएस्सीचं पहिलं वर्ष करून सोडलं. पाच वर्षं झाली. हे लिहितेय कारण इथं सगळे 'रेटा, रेटा' म्हणतील. सोडल्यावर पहिले सहा महिने वाईट वाटलं, पुस्तकं माळ्यावर टाकली. मग वडिलांची शेवटची दोन वर्षं त्यांच्या उशाशी बसून गेली आणि त्याची मला एका क्षणाचीही खंत नाही. श्रेढीताई, थांबणं हाही निर्णय असतो. फक्त तो दमल्यामुळे रात्री बाराला घेऊ नका, सकाळी घ्या.

श्रेढी | सोमवार, रात्री ९.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. त्रिज्याताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

काका, 'लागतं कुठं' याचं उत्तर द्यायला हवं. मी एमसीए बढतीसाठी घेतलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी वर्तुळाच्या प्रकरणात जिओजेब्रा हे आकृत्या हलवून दाखवणारं गणिताचं सॉफ्टवेअर वापरलं. एकाच कंसातले अंतर्लिखित कोन समान असतात हे प्रमेय मुलं पाठ करत होती. पडद्यावर बिंदू कंसावरून सरकवला, कोनाचं माप हललं नाही, आणि मागच्या बाकावरून "आं?" असा आवाज आला. पाठांतराच्या तासाला असा आवाज कधी येत नाही. मग कळलं की जिओजेब्रा म्हणजे मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात २००१ मध्ये मास्टर्सच्या प्रबंधासाठी सुरू केलेलं काम. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आलेली वस्तू माझ्या वर्गापर्यंत पोचली. वाटलं, आपल्या मुलांना अडतं तिथं, आपल्या भाषेत, आपणही काही बनवावं. त्यासाठी मुळापासून शिकायचं होतं. म्हणून प्रवेश घेतला.

हुतात्मा, तुमचा अंदाज बरोबर. वाचत होते. लिंक्ड लिस्टची, म्हणजे बाणांनी एकाला एक जोडलेल्या माहितीच्या चौकोनांच्या यादीची, आकृती पाठ केली होती. पेपरात मधेच एक नोड (तसा एक चौकोन) घालायचा प्रोग्राम विचारला आणि हात थांबला. मी मुलांना जे करू नका म्हणते तेच केलं. माहितीपुस्तिका काढली, कमाल कालावधी चार वर्षांचा आहे. हे मला वर्षभर माहीत नव्हतं.

चहाची किटली | सोमवार, रात्री १०.१५

नवऱ्यांच्या बाजूनं लिहितो. बायकोनं एमएड केलं तेव्हा मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचो, "माझा पूर्ण पाठिंबा आहे." पाठिंबा म्हणजे काय तर मी अडवत नव्हतो. स्वयंपाक तिचाच, आईची औषधं तिचीच, मुलाच्या शाळेची मीटिंग तिचीच. परीक्षेच्या आदल्या रात्री ती ओट्याशी उभी राहून नोट्स वाचत होती आणि मी विचारलं, "भाजी काय आहे?" ती काही बोलली नाही. तो प्रसंग आठवला की अजून मान खाली जाते.

दुसऱ्या वर्षी बसून वाटण्या केल्या. मंगळवार, गुरुवार आणि रविवार सकाळ, घर माझं. पहिल्या महिन्यात वरणात मीठ दोनदा पडलं, मग जमलं. यातली मुख्य गोष्ट 'मदत' हा शब्द काढून टाकणं. मदत म्हटलं की काम तिचंच राहतं आणि आपण उपकार करतो. ताई, यजमानांना कंटेनर नसेल ते दिवस विचारून घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. भिंतीवर लिहिलेलं घर पाळतं.

कडकभाकरी | सोमवार, रात्री १०.५०

किटलीदादा, तुमचा प्रतिसाद आमच्या यांना मोठ्यानं वाचून दाखवला. गप्प बसलेत.

मी नर्सिंगचा कोर्स केला तेव्हाचा अनुभव. रविवारी कडक भाकऱ्यांची चवड करून ठेवायची, पातळ आणि खरपूस, कपड्यात गुंडाळून डब्यात. आठ दिवस काही होत नाही. शेंगाची चटणी, दही, कांदा. संध्याकाळी ज्याला भूक लागेल त्यानं मोडून घ्यायचं. आठवड्यातले दोन स्वयंपाक वाचले म्हणजे तीन तास वाचले. आपल्या आज्ज्यांनी शोधून ठेवलेली सोय आहे, वापरा. आणि पाणी येतं त्या पहाटे अभ्यास धरूच नका. तो दिवस वेळापत्रकात सुट्टीचा लिहिला की बुडाल्याची टोचणी लागत नाही.

पार्क चौक | सोमवार, रात्री ११.०५

एक शंका. दूरशिक्षणाची पदवी शाळेत धरतात का? माझी बहीण विचारतेय.

हुतात्मा एक्स्प्रेस | मंगळवार, सकाळी ७.२५

@पार्क चौक: यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. प्रवेशाआधी संस्थेला त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघायचं. पगारवाढ मिळेल का, हा वेगळा प्रश्न, तो पदावर आणि नियमांवर अवलंबून. बहिणीला थेट पदवी जड वाटत असेल तर एनपीटीईएलचा (आयआयटींचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम) एक बारा आठवड्यांचा कोर्स करून बघू दे. शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. दर आठवड्याला एक असाइनमेंट आणि बारांपैकी उत्तम आठच धरतात, म्हणजे चार आठवडे घरात काही निघालं तरी चालतं. कामाच्या माणसाला हा हिशोब सोयीचा.

श्रेढीताई, लिंक्ड लिस्टचं रात्री निवांत लिहितो.

मागावरचा | मंगळवार, दुपारी ३.३०

मॅडम, मी बारावी पास. आमचे माग सोलापूरच्या पूर्व भागात हायत. घरी तेलुगू, शाळा मराठी, त्यामुळं लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. ते लिंक्ड लिस्ट काय आस्तंय म्हणून मुलाला विचारलो, तो डिप्लोमाला हाय. त्यानं कागदावर चौकोन काढला, बाण काढला, परत चौकोन, परत बाण. मी म्हणलो, ही तर आपली कार्डाची माळ की!

सांगतो बगा. चादरीवर मोर, फुलं, अक्षरं येत्यात ती जकार्डवर, म्हंजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर. मागाच्या वर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ आस्ती, दोरीनं एकाला एक शिवलेली. एक कार्ड म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. कार्डात जिथं भोक हाय तिथं सुई आत जाती, हुक वर उचललं जातंय, ताण्याचा, उभा, तेवढा धागा वर. भोक नसलं की सुई मागं ढकलली जाती, हुक सुटतंय, धागा खालीच. भोक किंवा भोक नाही, दोनच गोष्टी. मोराचा पिसारा हाय तो एवढ्यावरच उभा हाय.

आता मधलं एक कार्ड फाटलं तर काय सगळी माळ नवीन करतोय का आमी? नाही. दोन्ही अंगाची दोरी सोडायची, फाटकं काढायचं, नवं ठेवायचं, मागच्याला शिवायचं, पुढच्याला शिवायचं. झालं. फक्त दोरी सोडायच्या आधी पुढचं टोक धरून ठेवायला लागतंय, न्हाईतर माळ सुटून खाली घरंगळती आणि मग कार्डाचे नंबर जुळवत बसा. आमच्या वडलांनी मला पहिलं हेच शिकवलं, "पुढचं टोक आधी धर."

आणि शेवटचं कार्ड पहिल्याला शिवलेलं आस्तंय. माळ फिरत राहती, एक नक्षी पुरी झाली की परत पहिल्यापासून. मुलगा म्हणाला याला पण नाव हाय तुमच्यात.

आता लई ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, नक्षी पेनड्राइव्हवर येती. पण जुनी माळ आमच्याकडं ठेवलीय.

हुतात्मा एक्स्प्रेस | मंगळवार, रात्री ८.१५

मागावरचा दादा, मी रात्री जे लिहिणार होतो ते तुम्ही दुपारीच लिहिलंत, आणि मला जमलं असतं त्याहून चांगलं. 'पुढचं टोक आधी धर' हीच ती ओळ! नवा नोड घालताना आधी नव्याचा बाण पुढच्याकडे लावायचा, मग मागच्याचा बाण नव्याकडे. क्रम उलटा केला की पुढची सगळी यादी हातातून जाते. परीक्षेत निम्मी मुलं इथंच चुकतात. आणि शेवटचं पहिल्याला शिवलं की ती सर्क्युलर लिंक्ड लिस्ट.

हे नातं नुसतं उपमेचं नाही. जोसेफ मारी जकार्ड यांचा माग फ्रान्समधला, १८०४ च्या सुमाराचा. ती भोकांची कार्डं बघून इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या अॅनालिटिकल एंजिनला, म्हणजे त्यांनी आखलेल्या गणनयंत्राला, सूचना देण्यासाठी कार्डंच घ्यायचं ठरवलं. एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये त्या यंत्रावर टिपणं लिहिली. त्यात त्या म्हणतात की जकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्षी विणेल. पुढे विसाव्या शतकात कितीतरी वर्षं संगणकाला प्रोग्राम पंच कार्डांवरच दिले जायचे. म्हणजे श्रेढीताई, तुमच्या विषयाचं एक मूळ पूर्व भागात खडखडतंय. मी सोलापुरात वाढलो, इंजिनिअरिंग केलं, आणि हे मला वयाच्या तिशीत कळलं. शाळेत कुणी सांगितलं असतं तर!

अभ्यासाचं म्हणाल तर रोज वीस मिनिटं एकच प्रोग्राम हातानं लिहा आणि कागदावर चालवून बघा, प्रत्येक पायरीला कुठल्या चलाची किंमत काय हा तक्ता करा. गणिताच्या शिक्षकाला ते आमच्यापेक्षा चांगलं येतं.

लसावि | बुधवार, सकाळी १०.००

दोन दिवस विचार करत होतो. माझ्या पहिल्या प्रतिसादातला कापरेकरांचा दाखला मी चुकीच्या बाजूला लावला. कापरेकरांना कुणी सांगितलं नव्हतं की शिक्षकाला एवढा अभ्यास लागतो कुठं. शाळा सांभाळून ते आपल्या ओढीनं आकड्यांत रमले. मी नेमकं तेच तुम्हाला नको म्हणालो.

काल नातवाला घेऊन ६१७४ करत बसलो. ३५२४ घेतले. उतरता क्रम ५४३२, चढता २३४५, वजाबाकी ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे कितीही करा, तिथंच. नातू विचारतो, "आजोबा, सगळ्या संख्यांचं असंच होतं?" चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत होतं हे मला माहीत होतं, पण त्याला सगळ्या संख्या करून दाखवायला माझं आयुष्य पुरणार नाही. त्यानं फोनवर कुठलंसं पायथन उघडलं (प्रोग्राम लिहायची भाषा म्हणे) आणि पाऊण तासात प्रोग्राम चालवला. सगळ्या संख्या. सात पायऱ्या. मी छत्तीस वर्षं हे फळ्यावर तीन-चार उदाहरणांनी दाखवत आलो.

दहावीची चिंता माझी तशीच आहे, ती सोडणार नाही. पण शिका. आणि तुम्हाला चालणार असेल तर अपूर्णांकांसाठी मुलीला संध्याकाळी अर्धा तास माझ्याकडे पाठवा, होटगी रोडला राहतो. फी नाही.

मंगळवेढ्याची ज्वारी | बुधवार, दुपारी १२.४०

काका, नमस्कार करते.

त्रिज्या, तुझं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. खरंय, एका माणसाचं मोठं काम दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं म्हणून ठेवू नये. मी तसं करत होते.

त्रिज्या | बुधवार, दुपारी १.१५

ताई, ओझं उतरलं. आणि कार्डाच्या माळेचं वाचून मी माळ्यावरची पुस्तकं खाली काढलीत. एमएस्सी करायला नाही. नुसती चाळायला.

श्रेढी | शुक्रवार, रात्री १०.२०

मंडळी, फॉर्म भरला. सगळ्या विषयांची नोंदणी केली, डिसेंबरात दोनच पेपर देणार: राहिलेलं डेटा स्ट्रक्चर्स आणि नव्यातला एक. बाकीचे पुढच्या जूनमध्ये, दहावीची बोर्डाची परीक्षा संपल्यावर. दोनाची तीन वर्षं होतील. होऊ देत.

घरी बोलले. किटलीदादा, तुमचा प्रतिसाद यजमानांना वाचायला दिला. ते म्हणाले, "मला वाटायचं तुला जमतंय, तू कधी म्हणालीच नाहीस." हेही खरंच होतं, मी म्हटलं नव्हतं. बुधवार आणि रविवार सकाळ त्यांनी घेतली. सासूबाई म्हणाल्या, पाण्याच्या पहाटे मोटार मी चालू करीन, बसून करायचं काम आहे. ऑनलाइन माहितीच्या कामाबद्दल मुख्याध्यापकांशी बोलले. आता ते तिघांत वाटून मिळालं.

वर्गाचं सांगते. सध्या दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू आहेत, क्रेमरची पद्धत. मुलं निश्चयक (समीकरणांतल्या सहगुणकांपासून येणारी संख्या) काढतात, भागतात, उत्तर लिहितात. काल प्रोजेक्टरवर पायथनमध्ये क्रेमरचा छोटा प्रोग्राम मुलांकडूनच सांगून घेत लिहिला, सहा संख्या द्यायच्या, क्ष आणि य मिळतात. मुलांनी पुस्तकातली उदाहरणं ताडून बघितली. मग मी मुद्दाम २क्ष + ३य = ५ आणि ४क्ष + ६य = ७ दिली. प्रोग्राम बंद पडला, शून्यानं भागल्याची चूक. "मॅडम, बिघडलं!" म्हटलं, बिघडलं का ते शोधा. दहा मिनिटं गोंधळ झाला आणि मग एका मुलानं आलेख काढून दाखवला, दोन्ही रेषा समांतर, भेटणार कुठं? निश्चयक शून्य आला तर एकच ठराविक उकल मिळत नाही, हे वाक्य मी चौदा वर्षं फळ्यावर लिहीत आले. काल ते मुलांनी मला सांगितलं.

आज दुसऱ्या तुकडीत चौकटीच्या वहीवर आठ बाय आठचे चौकोन करून नावाचं पहिलं अक्षर शून्य-एकमध्ये भरायला दिलं आणि जकार्डच्या कार्डाचं सांगायला लागले. मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्गात सहसा बोलत नाही, उठून म्हणाली, "मॅडम, माझे पप्पा मागावर आहेत, हे मी सांगू का?" ताणा, बाणा, हुक, सुई, सगळं तिनं खडूनं काढून दाखवलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

लसावि काका, तुमचं बोलणं मला फार मोलाचं आहे. पण तो भागाकार मी स्वतःच शिकवला, परवा रात्री. शेजारच्या ताईनं 'दुसरा उलटा कर आणि गुणाकार कर' सांगितलं होतं, उत्तरं बरोबर येत होती, का उलटा करायचा ते तिला माहीत नव्हतं. रविवारी केलेल्या कडक भाकऱ्यांतली एक काढली. अर्धी मोडून तिच्या हातात दिली आणि विचारलं, यात पाव-पाव भाकरी किती वेळा निघते? तिनं मोडून बघितलं, दोन. म्हणजे एक द्वितीयांश भागिले एक चतुर्थांश, दोन. मग पूर्ण भाकरीत पाव किती? चार. म्हणजे पावानं भागणं आणि चारनं गुणणं एकच का? तिनं स्वतःच विचारलं. तिला तुमच्याकडे घेऊन येणार आहे, ६१७४ साठी.

मागावरचा दादा, तुम्हाला एक विनंती. ती जुनी माळ मला आणि त्या दोन तुकड्यांतल्या पाच-सहा मुलांना बघायला मिळेल का? मुख्याध्यापकांची परवानगी घेतलीय.

कडकभाकरी | शुक्रवार, रात्री १०.३१

माझी भाकरी गणिताच्या तासाला! आईला फोन करून सांगते.

मागावरचा | शुक्रवार, रात्री ११.०२

या की मॅडम, परवानगी कशाला विचारताय. रविवारी सकाळी दहाला या, मुलगा पण घरी आस्तोय. माग चालू आसल्यावर आवाज लई आस्तो, बोललेलं ऐकू येत न्हाई, म्हणून आधी बंद मागावर दाखवतो, मग चालू करतो. मुलींना वेण्या घट्ट बांधून, ओढण्या पिना लावून यायला सांगा. माळ काढून ठेवतो. एक कार्ड मधून सोडवून तुमच्या हातानं परत शिवायचं.